कंपायलर काय सांगतो, ते वाचायला शिकवा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

दहावी-बारावीचे निकाल लागले, की "मुलाने पहिली प्रोग्रॅमिंग भाषा कोणती शिकावी?" हा प्रश्न घेऊन ओळखीचे पालक माझ्याकडे येतात. तंत्रनिकेतनात संगणकाचे विषय शिकवण्यात माझी उणीपुरी तीस वर्षे गेली, त्यामुळे उत्तर माझ्याकडे तयार असेल असे त्यांना वाटते, आणि पूर्वी ते तसे असायचेही. सेवानिवृत्तीनंतर मात्र रस्ट ही नवी भाषा मी पाटी कोरी करून शिकायला बसलो आणि गेल्या दीड वर्षात ते तयार उत्तर मोडले. भाषेच्या निवडीवर आपण नको तितका वाद घालतो. भाषा कोणतीही असली तरी जे सर्वांत आधी शिकवायला हवे, म्हणजे कंपायलर (आपण लिहिलेला प्रोग्रॅम यंत्राच्या भाषेत उतरवून देणारे आणि त्यातल्या चुका दाखवणारे सॉफ्टवेअर) काय सांगतो आहे ते शांतपणे वाचणे, ते मात्र आपल्या प्रयोगशाळांत सहसा कोणी शिकवत नाही, अशी माझी तक्रार आहे. आणि त्या न शिकवणाऱ्यांत तीस वर्षे मीही होतो.

अनेक महाविद्यालयांत सी भाषेची पहिली ओळख आजही टर्बो सीच्या निळ्या पडद्यावर होते. बोर्लंड कंपनीचे हे साधन, म्हणजे सीचा एक जुना कंपायलर, १९८७ मध्ये आले, त्याची सी++ आवृत्ती १९९० मध्ये आली, आणि सी++ भाषेचे पहिले आंतरराष्ट्रीय मानक निघाले १९९८ मध्ये. म्हणजे ज्या साधनावर आपण सी++ शिकवतो, ते त्या भाषेचे नियम ठरण्याच्याही आधीचे आहे. सोळा बिटांच्या काळातले हे सॉफ्टवेअर चौसष्ट बिटांच्या विंडोजवर आपणहून चालत नाही, म्हणून डॉसबॉक्स नावाच्या दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये जुन्या संगणकाचे सोंग उभे करून त्यात ते चालवावे लागते.

जर्नलमधला फॅक्टोरियलचा, म्हणजे एकपासून दिलेल्या संख्येपर्यंतच्या सगळ्या संख्यांच्या गुणाकाराचा, प्रयोग घ्या. पाचाचे उत्तर १२० येते आणि सगळे खूश होतात. आठाचे उत्तर ४०,३२० यायला हवे, तिथे पडद्यावर उणे २५,२१६ उमटते, कारण टर्बो सीचा साधा पूर्णांक ३२,७६७ च्या पुढे जात नाही. यावर कंपायलर अवाक्षर काढत नाही. माझ्या बॅचच्या जर्नलांत वर्षानुवर्षे पाचाचेच उत्तर लिहिलेले असे आणि त्यावर मी सही करत असे. रस्टमध्ये हाच प्रयोग बत्तीस बिटांच्या पूर्णांकाने केला, तर बाराचे उत्तर ४७,९०,०१,६०० असे बरोबर येते, आणि तेराला प्रोग्रॅम जागेवर थांबून गुणाकार मर्यादेबाहेर गेल्याचे ओळ क्रमांकासह सांगतो. (ही तपासणी सरावासाठी प्रोग्रॅम बांधताना आपोआप होते, ग्राहकाला द्यायची वेगवान आवृत्ती बांधताना ती मुद्दाम चालू ठेवावी लागते, हेही विद्यार्थ्याला सांगायला हवे.) खोटे उत्तर मुकाट्याने देणारे यंत्र आणि अडून बसणारे यंत्र यांतले दुसरे शिकवण्यासाठी बरे, हे मला निवृत्त झाल्यावर कळले.

एका प्रात्यक्षिक परीक्षेला मी बहिःस्थ परीक्षक, मुलांच्या भाषेत 'एक्सटर्नल', म्हणून गेलो होतो. प्रत्येकाने चिठ्ठी उचलायची, चिठ्ठीतला प्रोग्रॅम लिहायचा, आउटपुट दाखवायचे, अशी ती परीक्षा. एका मुलीचा प्रोग्रॅम सगळा बरोबर होता, फक्त एका ओळीच्या शेवटी अर्धविराम राहिला होता. टर्बो सीने बोट ठेवले ते खालच्या ओळीवर, कारण अर्धविराम नाही हे त्याला पुढचा शब्द वाचल्यावरच कळते. तिने ती खालची, निर्दोष ओळ तीनदा खोडून पुन्हा लिहिली, मग सगळा प्रोग्रॅम पुसला आणि पाठ केलेला पुन्हा पहिल्यापासून उतरवायला घेतला. तेवढ्यात वेळ संपली. आउटपुट नाही म्हणून मी गुण कापले आणि नियमाप्रमाणे ते योग्यच होते. पण चूक दाखवलेल्या ओळीच्या वर असू शकते, एवढे एक वाक्य तिला दोन सत्रांत कोणी सांगितले नव्हते, कारण ते कोणत्याही घटकाखाली छापलेले नाही.

आता रस्टविषयी. ग्रेडन होअर हा तेव्हा मोझिला कंपनीतला प्रोग्रॅमर. तो व्हँकूव्हरमध्ये एकविसाव्या मजल्यावर राहत होता आणि त्याच्या इमारतीच्या लिफ्टचे सॉफ्टवेअर बंद पडल्याने २००६ मध्ये त्याला जिने चढावे लागले. अशा यंत्रांतली सॉफ्टवेअर बहुधा सी किंवा सी++ मध्ये लिहिलेली असतात आणि मेमरी हाताळताना झालेल्या चुकांमुळे कोलमडतात, हे ठाऊक असल्याने घरी बसून त्याने नव्या भाषेची आखणी सुरू केली. मोझिलाने २००९ मध्ये हे काम आपल्या अंगावर घेतले आणि १५ मे २०१५ रोजी रस्टची पहिली स्थिर आवृत्ती आली. नाव ऐकून लोखंडाचा गंज आठवतो, पण होअरच्या मनात होती ती रस्ट नावाची बुरशी, म्हणजे आपल्याकडे गव्हावर पडतो तो तांबेरा. एका आयुष्यात अनेक प्रकारचे बीजाणू तयार करून कसेही करून तगणारा हा जीव त्याला आवडला. आमच्या जिल्ह्यात महाबळेश्वरला गव्हाच्या याच रोगावर काम करणारे गेरवा संशोधन केंद्र आहे, आणि शेतकऱ्याच्या घरातल्या विद्यार्थ्याला भाषेच्या नावाचा हा अर्थ सांगितला की तो हसतो आणि नाव विसरत नाही.

या भाषेचे मूलभूत धडे पहिल्या आठवड्यात ओळखीचेच वाटतात. चल राशी (व्हेरिएबल, म्हणजे किंमत साठवायची नाव दिलेली जागा), फंक्शन, जर-तर, लूप हे सगळे तिथे आहे. फक्त एकदा दिलेली किंमत बदलायची असेल तर तसे आधी जाहीर करावे लागते. खरी अडचण दुसऱ्या आठवड्यात, मालकीच्या नियमापाशी येते. मला तो सातबाऱ्यामुळे समजला. मेमरीतल्या प्रत्येक वस्तूला एका वेळी एकच मालक असतो. ती वस्तू दुसऱ्या चल राशीला किंवा फंक्शनला दिली, की खरेदीखत झाल्यासारखे होते आणि जुन्या मालकाच्या नावाला कंस पडतो. त्यानंतर त्याने त्या जमिनीवर नांगर घातला, तर कंपायलर प्रोग्रॅम बांधूनच देत नाही. मालक हयात नसेल तर जमीन आपोआप सरकारजमा होते, म्हणजे मेमरी मोकळी होते. त्यासाठी सीप्रमाणे आठवणीने हुकूम सोडावा लागत नाही आणि जावाप्रमाणे मागून झाडू मारत फिरणारा नोकरही ठेवावा लागत नाही. मालकी न देता नुसती वस्तू वापरायला देता येते. तलाठ्याच्या दप्तरातला उतारा एका वेळी दहा जणांनी पाहावा, हरकत नाही. पण फेरफाराची नोंद चालू असताना तो दुसऱ्या कोणाच्या हातात असता कामा नये. एवढे दोन नियम रस्टचा कंपायलर प्रत्येक ओळीला तपासतो. (एका गटाला दहा वारस ही आपली नेहमीची कथा. रस्टमध्येही सामाईक मालकीची सोय आहे, पण ती नाव घेऊन मागावी लागते आणि शेवटचा वारस गेला तरच मेमरी मोकळी होते.)

हा नियम मी वाचून समजलो नाही, चुकून समजलो. एका ग्राहकाचे नाव मी एका फंक्शनला दिले आणि पुढच्याच ओळीत ते पुन्हा छापायला गेलो. कंपायलरने ई०३८२ हा क्रमांक दिला. पण त्याखाली माझाच मजकूर उतरवून, वस्तूची मालकी कोणत्या ओळीत, नेमक्या कोणत्या शब्दाखाली गेली, ती नंतर कुठे वापरली गेली, आणि मालकीची गरज नसेल तर फंक्शनने ती नुसती उसनी घ्यावी, हे सारे बाण काढून दाखवले. त्याच क्रमांकाचे सविस्तर स्पष्टीकरण आणखी एक आज्ञा देऊन, इंटरनेट नसतानाही मागवता येते. तो संदेश मी तीन वेळा वाचला. तीस वर्षांत मी विद्यार्थ्याच्या चुकीवर इतका सविस्तर शेरा कधी मारला नव्हता. मी बहुतेक वेळा त्याच्या खांद्यावरून हात घालून अर्धविराम टाकायचो आणि पुढच्या टेबलाकडे जायचो.

आणखी एक उदाहरण देतो, कारण ते कोणत्याही वर्गात पाच मिनिटांत करून दाखवता येते. शिधापत्रिकेचे पिवळी, केशरी आणि पांढरी असे तीन प्रकार रस्टमध्ये जाहीर करा आणि प्रकारानुसार धान्य ठरवणारा प्रोग्रॅम लिहिताना पांढरी मुद्दाम विसरा. सीमध्ये असा प्रोग्रॅम बिनबोभाट चालतो आणि पांढऱ्या पत्रिकेचा माणूस खिडकीशी आला म्हणजे काय होईल ते दैवाधीन. रस्टचा कंपायलर पांढऱ्या पत्रिकेचे काय करायचे ते ठरलेले नाही, असे तिचे नाव घेऊन सांगतो आणि अडवून धरतो. पायथॉनची सोपी सुरुवात मला मान्य आहे, पण तिथे ही उणीव त्या ओळीपर्यंत पोचणारा माणूस येईपर्यंत झाकलेली राहू शकते.

मराठी वाचकांसाठी यातला सर्वांत रसाळ भाग अक्षरांचा आहे. उलट-सुलट सारखाच वाचला जाणारा शब्द ओळखा, हा प्रत्येक जर्नलमधला प्रयोग, आणि त्याचे उदाहरण बहुतेक ठिकाणी इंग्रजी स्पेलिंगमधले 'नितीन' हे नाव असते. देवनागरीत ते उलटे वाचले तर 'नतीनि' होते, म्हणजे आपण मराठी मुलांना मराठी नावाचे जे उदाहरण देतो ते मराठीत खोटे असते. मी रस्टमध्ये 'रामालाभालामारा' हे लहानपणापासून ऐकलेले वाक्य जोडून घातले. माणसाच्या कानाला त्यात सात अक्षरे आहेत; युनिकोडच्या, म्हणजे सगळ्या लिप्यांतल्या चिन्हांना क्रमांक देणाऱ्या मानकाच्या, हिशेबाने चौदा चिन्हे, कारण प्रत्येक काना वेगळा मोजला जातो; आणि मेमरीत बेचाळीस बाइट, कारण यूटीएफ-८ पद्धतीत देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन बाइट लागतात. बाइट उलटे केले तर कचरा मिळतो, चिन्हे उलटी केली तर पहिलाच काना निराधार लोंबकळतो. अक्षरे उलटी करायची तर एक छोटी लायब्ररी, म्हणजे इतरांनी लिहिलेला तयार प्रोग्रॅम, बाहेरून जोडावी लागते आणि तेव्हाच वाक्य उलटसुलट सारखे ठरते. रस्ट या तीन हिशेबांची गल्लत करू देत नाही. स्ट्रिंगचे, म्हणजे साठवलेल्या मजकुराचे, 'पहिले अक्षर' क्रमांकाने मागितले, तर कंपायलर नकार देतो, आणि त्या नकारावर वर्गात अर्धा तास उत्तम चर्चा होऊ शकते. जून २०२१ मधल्या १.५३ या आवृत्तीपासून रस्टमध्ये चल राशीला 'नाव' असे देवनागरी नावही देता येते. केन थॉम्पसन आणि रॉब पाइक यांनी १९९२ मध्ये यूटीएफ-८ तयार केले आणि तेच दोघे गूगलमध्ये रॉबर्ट ग्रीझमर यांच्यासह गो भाषेचे जनक. तरीही गो भाषेत चल राशीला 'वय' हे नाव चालते आणि 'नाव' चालत नाही, कारण तिथल्या नियमात काना-मात्रा अक्षरांत धरलेल्या नाहीत! दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा.

हे सारे हौसेचे आहे, असे कोणी म्हणू नये. नोव्हेंबर १९८८ मध्ये इंटरनेटवर पसरलेल्या पहिल्या मोठ्या किड्याने (वर्म, म्हणजे आपोआप पसरणारा प्रोग्रॅम) शिरकाव करण्यासाठी वापरलेला एक मार्ग म्हणजे ठरलेल्या जागेपेक्षा लांब मजकूर न मोजता आत घेणारे सीमधले फंक्शन. मायक्रोसॉफ्टने २०१९ मध्ये सांगितले, की आपल्या उत्पादनांत दरवर्षी सापडणाऱ्या सुरक्षा-त्रुटींपैकी सुमारे ७० टक्के त्रुटी मेमरीच्या हाताळणीतल्या असतात. गूगलने अँड्रॉइडमधला नवा भाग रस्टसारख्या भाषांत लिहायला घेतल्यावर अशा त्रुटींचे प्रमाण २०१९ मधल्या ७६ टक्क्यांवरून २०२४ मध्ये २४ टक्क्यांवर आले. लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यातही डिसेंबर २०२२ च्या ६.१ या आवृत्तीपासून रस्टला जागा मिळाली आहे.

म्हणून सी काढून टाका आणि रस्ट आणा, असे मी म्हणत नाही. दुसऱ्या वर्षाच्या डेटा स्ट्रक्चर्सच्या विषयात दोन्ही दिशांनी जोडलेली यादी असते. प्रत्येक कडीला मागची आणि पुढची अशा दोन कड्या धरून असतात, आणि एकच मालक मानणाऱ्या भाषेत ती लिहिताना माझी तीन दिवस झोप उडाली होती. सीमध्ये ती एका तासात होते आणि मेमरी म्हणजे काय ते दाखवायला सी अजूनही चांगली आहे. रस्टचा कंपायलर मंद आहे. विंडोजवर तो बसवताना मायक्रोसॉफ्टची बांधणीची साधने सहसा बरोबर घ्यावी लागतात आणि ती काही जीबींची असतात. तालुक्याच्या ठिकाणच्या प्रयोगशाळेत तीस संगणकांवर ती उतरवणे म्हणजे आठवडाभराचे काम. लिनक्सवर हा त्रास बराच कमी होतो आणि अगदीच सोय नसेल तर ब्राउझरमधल्या रस्ट प्लेग्राउंडवर मोबाइलवरूनही धडे गिरवता येतात. कोणाला रस्ट जड वाटली तर गो घ्यावी. तिच्यात राखीव शब्द फक्त पंचवीस आहेत, आणि जाहीर करून न वापरलेली चल राशी दिसली तरी तिचा कंपायलर काम थांबवतो.

माझी मागणी भाषेपेक्षा लहान आहे आणि ती तंत्रशिक्षण मंडळ व विद्यापीठांच्या अभ्यास मंडळांकडे आहे. टर्बो सी आता सन्मानाने निवृत्त करावी आणि सी शिकवायची तर विनामूल्य मिळणाऱ्या जीसीसी या कंपायलरवर, त्याच्या सगळ्या सूचना (वॉर्निंग) चालू ठेवून शिकवावी. 'सूचना आली तरी चालते' असे मुलांना सांगू नये. प्रात्यक्षिक परीक्षेत निम्म्या चिठ्ठ्यांवर प्रोग्रॅम लिहा असे न म्हणता चुका असलेला तयार प्रोग्रॅम द्यावा आणि कंपायलरचा संदेश काय सांगतो, तो ज्या ओळीकडे बोट दाखवतो तिथेच चूक आहे का, हे विद्यार्थ्याने परीक्षकाला तोंडी समजावून सांगावे. आउटपुट आले नाही तरी या समजावण्याला गुण असावेत. हे समजावणे मराठीत चालायला हवे. अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने २०२१-२२ पासून भारतीय भाषांतून अभियांत्रिकी शिकवायला परवानगी दिलेली असली, तरी कंपायलरचे संदेश इंग्रजीतच येतात, आणि मराठी माध्यमातून आलेला मुलगा चुकीला जितका घाबरतो त्याहून अधिक त्या इंग्रजीला घाबरतो. 'बॉरो', 'मूव्ह', 'स्कोप', 'मिसमॅच' असे शे-दीडशे शब्द कळले, की बहुतेक संदेश वाचता येतात. ते पहिल्या महिन्यात फळ्यावर लिहून घ्यावेत. हल्ली मुले पडद्यावरचा संदेश न वाचता उचलून कृत्रिम बुद्धिमत्तेच्या खिडकीत चिकटवतात आणि आलेला सुधारलेला प्रोग्रॅम न वाचताच परत आणतात. त्यांना रागावून उपयोग नाही, कारण संदेश वाचायचा असतो हे आम्हीच त्यांना दाखवलेले नाही.

मी माझ्यापुरते काम सुरू केले आहे. सी आणि रस्ट या दोन्ही भाषांतल्या चुकीच्या प्रोग्रॅमच्या चोवीस चिठ्ठ्या मी तयार केल्या असून प्रत्येकीमागे कंपायलरचा मूळ संदेश आणि त्याचा मराठीत उलगडा लिहिला आहे. पहिली चिठ्ठी त्या अर्धविरामाची आहे. ज्या शिक्षकांना त्या वर्गात वापरून पाहायच्या असतील, त्यांना मी त्या विनामूल्य पाठवीन. माझा पत्ता आपल्या कार्यालयात नोंदवलेला आहे.

आपला विश्वासू,
एक निवृत्त अधिव्याख्याता, सातारा